ताडाखाली जाण्यापूर्वी

फेब्रुवारीतली सकाळ. डहाणूच्या किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाडीत सूर्य अजून चिकूच्या झाडांमागेच असतो. ताडाच्या खोडाला एक उभा बांबू बांधलेला आहे, त्याच्या पेरापेरांवर फांद्यांचे खुंट राखलेले. त्या खुंटांवर पाय रोवत एक माणूस खाली येतो. कमरेला कोयती, दोरीला लटकलेलं मडकं. जमिनीला पाय टेकले की तो मडक्याच्या तोंडावरचा फेस फुंकून बाजूला करतो, रसात बुडालेल्या दोन-चार मधमाश्या बोटाने काढतो आणि फडक्यातून गाळायला घेतो. पेल्यात पांढुरका रस उतरतो. पेला कानाजवळ नेला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते.

या घटकेला तो रस गोड असतो, शहाळ्याच्या पाण्यापेक्षा थोडा दाट, मागे हिरवट वास ठेवणारा. नऊ-दहा वाजता त्याला धार येते. दुपारी तो आंबूस होतो, संध्याकाळी कडक. दुसऱ्या दिवशी त्याचा सिरका व्हायला लागतो. ताडी म्हणून ज्या एका वस्तूला लोक ओळखतात, ती अशी दर दोन तासांनी वेगळी असते, आणि ती चाखायची तर माणसालाच झाडापाशी जावं लागतं. बाटलीत भरून आणलेली ताडी ही पुष्कळदा ताडी उरलेलीच नसते.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत अशा भेटीला निघणाऱ्यासाठी ही प्रस्तावना आहे. पेय जिथे तयार होतं तिथेच जाऊन ते चाखण्याची हौस महाराष्ट्राच्या शहरांत गेल्या वीस वर्षांत रुजली. नाशिकजवळ सुला वाइनयार्ड्सने २००५ मध्ये वाइन चाखण्याची खोली उघडली, तशी देशातली ती पहिली. २००९ मध्ये पुण्यात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूअरला सोबत घेऊन ‘डूलाली’ सुरू केली आणि महाराष्ट्राला पहिली मायक्रोब्रूअरी मिळाली. टाकीतून थेट पेल्यात येणारी, न गाळलेली, ताजी बिअर हे पुणेकरांना तेव्हा नवल होतं. त्याबरोबर एक शिस्तही आली. एकदम मोठा ग्लास न मागवता चार-सहा छोट्या पेल्यांचा सॅम्पलर घ्यायचा. फिकट बिअरकडून गडद बिअरकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे जायचं. आधी हुंगायचं, मग घोट. मध्ये पाणी. अंगावर अत्तराचा भपकारा नको, कारण शेजारच्यालाही वास घ्यायचा असतो. आवडली नाही तर उरलेली तशीच ठेवायची, पण बनवणाऱ्याच्या तोंडावर ‘ही काय बिअर आहे?’ म्हणायचं नाही. शंका असेल तर त्यालाच विचारायचं.

या शिस्तीत चांगलं पुष्कळ आहे. पण ती परदेशातून शिकून आलेली गोष्ट आहे असं जे मानलं जातं, ते डहाणूला गेल्यावर टिकत नाही. ताडाखाली बसणाऱ्यांचे नियम त्याहून जुने आहेत, काही बाबतींत अधिक काटेकोर आहेत, आणि ते सगळे त्या रसाच्या घड्याळातून आणि तो काढणाऱ्याच्या कष्टातून आलेले आहेत.

आधी कष्ट पाहू. ताडाला फुलोरा यायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. फुलोरा येऊ लागला की त्याला बांधून, दांडक्याने हलके ठोकून मऊ करतात आणि टोकाचा पातळ काप काढतात. त्या कापातून रस ठिबकतो. खाली मडकं. काप रोज नवा काढावा लागतो, बहुधा सकाळ-संध्याकाळ दोनदा, कागदाइतका पातळ. जाड कापला तर फुलोरा लवकर संपतो. दोन दिवस कुणी चढलंच नाही तर जखम सुकते आणि रस बंद होतो. म्हणजे हंगामभर, साधारण थंडी सुरू झाल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत, या माणसाला सुट्टी नाही. घरात लग्न असो की अंगात ताप, तीस-चाळीस फूट वर जायचंच. पाय घसरला तर खाली धरायला काही नसतं. या भागात ताडी काढणारा जायबंदी झाल्याची गोष्ट ऐकायला फार लांब जावं लागत नाही.

ताडासारखाच रस देणाऱ्या शिंदीचं तंत्र वेगळं. तिच्या खोडाच्या शेंड्याशी साल तासून खाच पाडतात आणि रस नळीने मडक्यात घेतात. पुढच्या वर्षी खाच उलट बाजूला. त्यामुळे जुन्या शिंदीचं खोड डावी-उजवीकडे दातेरी दिसतं, आणि त्या खाचा मोजल्या की झाड किती वर्षं लावलेलं आहे ते कळतं. इथे ‘झाड लावणं’ याचा अर्थ रोप लावणं नव्हे, रसासाठी झाड चालू करणं. पाहुण्याने एवढा एक शब्द जरी ओळखला तरी समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलू लागतो.

आता घड्याळ. ताडीत कुणी यीस्ट घालत नाही. हवेतले, मडक्यातले, फुलोऱ्यावरचे सूक्ष्मजीव रसातल्या साखरेवर तुटून पडतात. रसात साखर दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे काम झपाट्याने होतं. संध्याकाळपर्यंत अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे साध्या बिअरइतकं. मग आम्ल बनवणारे जीवाणू वरचढ होतात. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या परिसरात लँबिक नावाची बिअर अशीच हवेतल्या रानटी यीस्टवर आंबवतात. तिथली कँटियाँ ही १९०० साली सुरू झालेली ब्रूअरी १९७८ पासून संग्रहालय म्हणूनही लोकांना पाहायला खुली आहे आणि जगभरातून माणसं ती बघायला जातात. लँबिक पिंपात वर्ष-दोन वर्षं मुरते. ताडीचा तोच सगळा प्रवास एका दिवसात, उघड्यावर, डोळ्यांदेखत होतो. आंबण्याची क्रिया म्हणजे काय हे समजून घ्यायला सकाळी सातला एक घोट, दहाला एक आणि दुपारी एक असे तीन घोट पुरतात. एकाच मडक्याचा हा सॅम्पलर.

आंबवायचंच नसेल तर मडक्याला आतून चुना लावतात. मग उतरते ती नीरा. सूर्योदयापूर्वी काढून थंड ठेवली तर ती गोड राहते, उकळली तर तिचा गूळ होतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने जून २०२० मध्ये नीरा आणि ताडगुळाचा प्रकल्प सुरू केला तो डहाणूतच. २०० स्थानिक कारागिरांना सात दिवसांचं प्रशिक्षण देऊन प्रत्येकी १५,००० रुपयांचा अवजारांचा संच दिला गेला. त्यात स्टीलची कढई, गुळाचे साचे, शेगडी, सुरी, दोर असं सगळं होतं. न पिणाऱ्या पाहुण्यालाही ताडाखाली मानाची जागा आहे, ती या नीरेमुळे. ‘आपण घेत नाही’ म्हणून मागे थांबायचं कारण नाही.

ताडाखाली पेला हातात आला की लगेच तोंडाला लावत नाहीत. वारल्यांच्या आणि शेजारच्या इतर आदिवासींच्या रीतीत आधी चार थेंब जमिनीवर सांडायचे, देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने. सोयरीक जुळवताना मुलाकडचे मुलीच्या घरी दारू घेऊन जातात आणि ती दोन्हीकडच्यांनी मिळून घेतली की शब्द पक्का होतो. मरणाच्या विधीतही तिला जागा आहे. वारली चित्रांत ताडावर चढणारी बारकी आकृती पुन्हा पुन्हा दिसते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकापुरती असलेली ही कला कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतला ताड शोभेसाठी काढलेला नसतो. जिथे भात, तारप्याचे सूर आणि लग्न आहे तिथे ताड आहे, इतकं ते सरळ आहे.

म्हणून पाहुण्याने थेंब सांडण्याचा तो क्षण थांबून पाहावा. त्याची नक्कल करू नये, फोटोसाठी ‘परत एकदा’ म्हणू नये. आणि गळ्यात माळ असलेल्या, म्हणजे दारू सोडलेल्या माणसापुढे पेला धरू नये. आदिवासी म्हणजे पिणारा, हा शहरी समज या भागाच्या इतिहासाने कधीच खोटा ठरवला आहे.

तो इतिहास थोडक्यात सांगून चालणार नाही. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं मक्तेदारांच्या हाती गेलं आणि लावलेल्या प्रत्येक झाडावरचा कर चढत गेला. आपल्या बांधावरच्या झाडाचा रस काढला तर माणूस गुन्हेगार ठरू लागला. १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला आणि रानात गळून पडलेली मोहाची फुलं घरात साठवण्यावरही बंधन बसलं. मोहाचं फूल हे उपासमारीच्या महिन्यांतलं अन्नही होतं, याची त्या कायद्याने पर्वा केली नाही. घरची ताडी महाग झाली, मक्तेदाराच्या दुकानातली दारू जवळ आली, आणि दुकानाबरोबर उधारी आली. सावकार, जमीनदार आणि दारूचा मक्तेदार यांनी मिळून या पट्ट्यातल्या माणसाला कसं बांधून टाकलं, हे समजल्याशिवाय १९४५ चा वारल्यांचा उठाव समजत नाही. गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्यासाठी वाचावं. तलासरीला जाण्यापूर्वी तर जरूर वाचावं.

पण त्याच्याही आधी, १९२२ मध्ये, एक विलक्षण गोष्ट घडली होती. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवीची साथ शमवण्यासाठी सुरू झालेला एक विधी गावोगाव पसरत डोंगरपट्टीत आणि पुढे दक्षिण गुजरातेत गेला. माणसांच्या अंगात देवी येई आणि सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा. हजारोंनी ते ऐकलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने ‘द कमिंग ऑफ द देवी’ या १९८७ च्या पुस्तकात त्याचा माग काढला आहे. बाहेरच्या कुणा सुधारकाने येऊन ही दारूबंदी शिकवली नव्हती. ज्यांच्या रीतीत दारू होती त्यांनीच ती ठरवून खाली ठेवली, कारण तिच्यावरची मालकी त्यांची राहिली नव्हती. ताडीचा आदर आणि ताडीला नकार, दोन्ही इथलेच आहेत. पाहुण्याने दोहोंचा मान राखायचा.

आजही हा निर्णय गावाचा आहे, आणि तो कायद्याने गावाचा आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार या क्षेत्रातल्या ग्रामसभेला दिला आहे. एखाद्या पाड्याने ‘इथे नको’ ठरवलं असेल तर ओळखीपाळखीने पेला मिळवणं हा त्या गावाचा अपमान आहे. नवऱ्याच्या पिण्यापायी रिकामी राहिलेली चूल ज्या बाईने पाहिली, तिने ग्रामसभेत हात वर केलेला असतो. शहरातून एका सकाळपुरत्या आलेल्या माणसाच्या हौसेपेक्षा तो हात मोठा आहे.

राज्याचा कायदाही माहीत हवा. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने चालू आहे. ताडी काढायला आणि विकायला परवाना लागतो. नीरेलाही लागतो. पिणाऱ्याचं वय बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ पूर्ण असावं लागतं, आणि त्याच्याकडे परवाना असावा लागतो. तलासरीची गोष्ट आणखी नाजूक आहे. १९६० मध्ये दोन राज्यं झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिलं. अच्छाडचा नाका ओलांडला की दारूबंदीचं राज्य सुरू होतं. दुसऱ्या अंगाला सिल्व्हासा आणि दमण, तिथे दर वेगळे, कर वेगळा. गाडीत ठेवलेली एक बाटली या तीन हद्दींत तीन वेगळे गुन्हे घडवू शकते. जे प्यायचं ते तिथेच, सोबत काही न्यायचं नाही, हा नियम इथे चवीसाठी आहे तसा कायद्यासाठीही आहे. आणि महामार्ग जवळ आहे, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने नीरेवरच थांबावं.

एक धोका मात्र नुसत्या शिष्टाचाराने टळत नाही. मागणी वाढली आणि झाडं कमी पडली की पाण्यात क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं रसायन मिसळून ‘ताडी’ विकली जाते. शहरांतल्या कित्येक दुकानांवर अशा मालासाठी छापे पडले आहेत. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती ताडी नव्हती, पण बनवणारा कोण हे न पाहता पिण्याची किंमत काय असते ते तिथे दिसलं. ताडीची ओळख सोपी आहे: झाड दिसलं पाहिजे, त्यावर टांगलेलं मडकं दिसलं पाहिजे, आणि हंगाम असला पाहिजे. ऐन पावसाळ्यात, दिवसभर, हवी तितकी, एकाच चवीची ताडी मिळत असेल तर तिच्याकडे पाठ फिरवावी.

डहाणूत आता चाखण्याच्या नव्या जागाही झाल्या आहेत. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू पिकला की दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, बाजारात दर कोसळला तर बागायतदाराच्या हाती काही उरत नाही. बोर्डीला प्रियांका सावे आणि नागेश पै यांच्या ‘हिल झिल वाइन्स’ने याच फळापासून ‘फ्रुझांते’ नावाची फसफसती वाइन काढली. चिकूची वाइन चाखताना गोडव्याच्या मागे येणारी मातकट, खारकेसारखी चव शोधावी, फळ ओळखीचं असेल त्यालाच ती सापडते. १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर आहे. धुराड्यांना इथे बंधन आहे, म्हणून वाडीतल्या फळावर आणि झाडाच्या रसावर चालणारे छोटे उद्योगच या मातीला झेपतात.

तरीही पैज ताडावर आहे. वाइन बोर्डीहून मुंबईला जाऊ शकते, ताडी जाऊ शकत नाही. चढणाऱ्यांची मुलं वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात आणि त्यांना दोष देता येणार नाही. उद्या झाडं राहतील आणि चढणारं कुणी राहणार नाही, अशी वेळ अनेक पाड्यांवर येऊन ठेपली आहे. चांगल्या भेटीमुळे एखाद्या घराला हंगामभर थोडे बरे पैसे मिळाले, तर तो बांबू झाडाला आणखी काही वर्षं बांधलेला राहील.

तेव्हा निघायचं तर डिसेंबर ते एप्रिल या काळात निघा. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पण पहाटेचा रस हवा असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या. परवानाधारक माणसाकडे, गावातल्या कुणाच्या ओळखीने जा. चार-सहापेक्षा जास्त जण जाऊ नका. आपापला स्टीलचा पेला न्या, प्लास्टिक मागे टाकू नका. सोबतीला भाजलेले सुके बोंबील किंवा चणे मिळाले तर तिथलेच विकत घ्या. पहिला पेला अर्धाच भरू द्या. भाव करू नका. जो चढला त्याच्या हातात पैसे द्या, मध्यस्थाच्या नको. मडकं आज कधी उतरवलं ते विचारा, आणि त्याचं नावही विचारा. घरी परतल्यावर त्या चवीबद्दल कुणाला सांगाल तेव्हा ते नाव घेऊन सांगा.